दवाखान्याच्या भिंतीवरचा गुणवत्ता फलक: कसा वाचायचा आणि काय विचारायचे?

सरकारी रुग्णालयात प्रसूतीसाठी, लसीकरणासाठी किंवा तपासणीसाठी गेल्यावर भिंतीवर अनेक फलक दिसतात. त्यांतला एखादा फलक जरा वेगळा असतो. त्यावर हाताने लिहिलेले कागद, माशाच्या काट्यासारखे एक चित्र, वर-खाली जाणारी रेघ आणि काही तारखा असतात. हा कर्मचाऱ्यांच्या कामाचा कागद आहे असे समजून बहुतेक लोक पुढे निघून जातात.

प्रत्यक्षात हा फलक तुमच्या उपचारांबद्दल असतो. या रुग्णालयात काय नीट होत नव्हते, ते का होत नव्हते, काय बदलले आणि त्याने फरक पडला का, हे त्यावर क्रमाने लिहिलेले असते. याला गुणवत्ता सुधारणेचा कथाफलक किंवा स्टोरीबोर्ड म्हणतात. तो वाचता आला तर उपचार घेताना काय विचारायचे हे तुम्हाला कळते. या लेखात फलकाचे भाग, आलेख वाचण्याची पद्धत आणि रुग्ण व नातेवाईक म्हणून तुमचा सहभाग यांची माहिती दिली आहे.

कथाफलक म्हणजे काय?

चित्रपट तयार करताना कोणते दृश्य कशानंतर येणार याची चित्रे क्रमाने भिंतीवर लावतात. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. रुग्णालयातील कथाफलकाची कल्पना तशीच आहे. सुधारणेचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागी, थोड्या शब्दांत आणि चित्रांत मांडायचे, म्हणजे पाहणाऱ्याला पाच मिनिटांत सगळी हकिकत समजते.

हा फलक इतर फलकांपेक्षा वेगळा कसा ते पाहा.

- नागरिकांची सनद: या रुग्णालयात कोणत्या सेवा मिळतात आणि तुमचे हक्क कोणते, हे सांगते.
- योजनेचा फलक: कोणत्या योजनेत काय मोफत आहे, हे सांगतो.
- जनजागृतीचा फलक: तुम्ही घरी काय काळजी घ्यावी, हे सांगतो.
- कथाफलक: रुग्णालयाने स्वतःच्या कामात कोणती उणीव शोधली आणि ती कशी भरून काढली, हे सांगतो.

कथाफलक ही स्वतंत्र योजना नाही. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही आणि त्यातून पैसे मिळत नाहीत. प्रत्येक आरोग्य संस्थेत तो असतोच असेही नाही. काही ठिकाणी तो प्रसूती कक्षाबाहेर असतो, काही ठिकाणी सिस्टरच्या खोलीत किंवा सभागृहात.

अशा फलकाची गरज का पडली?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात ८८.६ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये होतात. म्हणजे बहुतेक माता दवाखान्यापर्यंत पोहोचतात. पण त्याच सर्वेक्षणानुसार तीन वर्षांखालील मुलांपैकी फक्त ४१.८ टक्के मुलांना जन्मानंतर पहिल्या तासात आईचे दूध मिळाले होते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आई रुग्णालयात आहे, बाळ रुग्णालयात आहे, सिस्टर जवळ आहे. आईच्या दुधाला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. तरीही निम्म्याहून अधिक बाळांना ते वेळेवर मिळत नाही. याचे कारण इमारत किंवा औषधांचा तुटवडा हे नाही. कामाचा क्रम, कोणी काय करायचे याची वाटणी आणि जुन्या सवयी यांत ते दडलेले असते. अशी कारणे वरिष्ठ कार्यालयातून दिसत नाहीत. रोज तिथे काम करणाऱ्यांना आणि तिथे उपचार घेणाऱ्यांनाच ती दिसतात. म्हणून त्या ठिकाणच्या लोकांनीच एकत्र बसून कारण शोधायचे, छोटा बदल करून पाहायचा आणि आकडे मोजायचे, अशी पद्धत वापरली जाते.

केंद्र सरकारचे पुढील कार्यक्रम या कामाशी संबंधित आहेत.

१. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके: २०१३ मध्ये जिल्हा रुग्णालयांसाठी सुरू झाली. पुढे सामुदायिक आरोग्य केंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रांपर्यंत त्यांचा विस्तार झाला. सेवांची उपलब्धता, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, सहाय्यक सेवा, वैद्यकीय उपचार, संसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम अशा आठ विभागांत संस्थेची तपासणी होते. राष्ट्रीय प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी असते.

२. कायाकल्प: २०१५ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम स्वच्छता व संसर्ग नियंत्रणासाठी आहे. चांगले काम करणाऱ्या संस्थांना पुरस्कार मिळतात.

३. लक्ष्य: डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम प्रसूती कक्ष आणि प्रसूतीची शस्त्रक्रिया होणाऱ्या कक्षासाठी आहे. प्रसूतीच्या वेळी सोबतीण असणे, मातेशी सन्मानाने वागणे, गुंतागुंत वेळेत ओळखणे, नवजात बाळाची काळजी आणि संसर्ग टाळणे अशा विषयांवर टप्प्याटप्प्याने सुधारणा करणे त्यात अपेक्षित आहे.

४. माँ कार्यक्रम: ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम स्तनपानाला प्रोत्साहन देण्यासाठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागाने दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थांच्या मदतीने रुग्णालयातील गटांसाठी चार पायऱ्यांची सोपी पद्धत तयार केली आहे. समस्या निवडून गट करणे व उद्दिष्ट लिहिणे, कारणे शोधून मोजमाप करणे, बदल करून पाहणे आणि सुधारणा टिकवणे या त्या चार पायऱ्या. कथाफलकावर साधारण हाच क्रम दिसतो.

फलकाचे भाग: एका उदाहरणासह

पुढे एक उदाहरण घेऊ. हे रुग्णालय आणि हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका ग्रामीण रुग्णालयाच्या लेबर रूमबाहेर ‘पहिल्या तासात आईचे दूध’ या विषयावर फलक लावला आहे.

भाग १: समस्या

‘मागील महिन्याच्या नोंदी पाहिल्या. सामान्य प्रसूतीनंतर दर १० बाळांपैकी ४ बाळांनाच पहिल्या तासात आईचे दूध मिळाले.’

समस्या अशी आकड्यात लिहिलेली असावी. ‘स्तनपान कमी आहे’ एवढेच लिहिले असेल, तर पुढे सुधारणा झाली की नाही हे कळणार नाही.

भाग २: गट

‘वैद्यकीय अधिकारी, लेबर रूमच्या तीन सिस्टर, सफाईचे काम करणाऱ्या मावशी, आशाताई आणि वॉर्डातील एक बाळंतीण.’

या यादीत मावशींचे नाव का? बाळाचा जन्म झाल्यावर आईला कधी आणि कसे वॉर्डात हलवतात, हे त्यांना सर्वांत चांगले माहीत असते. आणि बाळंतीण का? तिला त्या तासात काय झाले ते आठवत असते. नोंदवहीत ते लिहिलेले नसते.

भाग ३: उद्दिष्ट

‘आमच्या लेबर रूममध्ये सामान्य प्रसूतीने जन्मलेल्या, प्रकृती ठीक असलेल्या दर १० बाळांपैकी ८ बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळेल. मुदत: ८ आठवडे.’

चांगल्या उद्दिष्टात चार गोष्टी असतात: कोणासाठी, काय, किती आणि कधीपर्यंत.

भाग ४: कारणे

माशाच्या काट्यासारखे चित्र इथे असते. ही पद्धत जपानचे गुणवत्ता तज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी रूढ केली. माशाच्या डोक्याच्या जागी समस्या लिहितात आणि प्रत्येक काट्यावर एकेक कारण. आपल्या उदाहरणात काट्यांवर असे लिहिले आहे:

- कामाचा क्रम: जन्मताच बाळाला वजन, इंजेक्शन आणि कपड्यांसाठी वॉर्मरकडे नेतात. आईला टाके घालण्यात वेळ जातो. तोपर्यंत बाळ झोपी जाते.
- माणसे: रात्रपाळीत एकच सिस्टर असते. दूध पाजायला मदत कोणी करायची हे ठरलेले नाही.
- कुटुंब: घरून मध किंवा गूळपाणी आणून बाळाला चाटवतात. पहिले पिवळसर, चिकाचे दूध खराब असते असा समज आहे.
- नोंद: दूध कधी पाजले ती वेळ लिहायला केसपेपरवर जागा नाही.

या चारही ओळींत कोणा एका सिस्टरचे किंवा सासूबाईंचे नाव नाही. दोष कुणाचा हे शोधण्यापेक्षा कामात अडथळा कुठे येतो हे शोधणे, हा या पद्धतीचा पाया आहे.

भाग ५: करून पाहिलेले बदल

इथे चार शब्द दिसतील: योजना करा, करून पाहा, तपासा, पुढचे ठरवा. बदल सगळीकडे एकदम लागू करायचा नसतो. आधी एका दिवशी, एका मातेसोबत करून पाहायचा.

पहिला बदल: प्रकृती ठीक असलेल्या बाळाला जन्मताच पुसून आईच्या छातीवर ठेवले, दोघांवर कोरडे कापड पांघरले. वजन नंतर केले. दिवसपाळीत जमले. रात्रपाळीत जमले नाही, कारण सिस्टर एकटी होती.

दुसरा बदल: सोबतीणीला आधीच सांगून ठेवले की बाळाला आईच्या छातीवर धरून ठेवायला मदत करायची आणि बाळ चुळबुळ करू लागले की सिस्टरला हाक मारायची. रात्रपाळीतही जमले.

तिसरा बदल: गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी आशाताईंनी सासू आणि नवऱ्यालाही बसवून सांगितले की मध, गूळपाणी, गुटी आणू नका. बाळासाठी पहिले दूधच हवे.

चौथा बदल: केसपेपरवर ‘पहिले दूध पाजल्याची वेळ’ असा शिक्का.

भाग ६: आलेख

हा भाग पुढे सविस्तर दिला आहे.

भाग ७: काय शिकलो आणि पुढे काय

‘सामान्य प्रसूतीत दर १० पैकी ८ बाळांना वेळेवर दूध मिळू लागले. सिझेरियन झालेल्या मातांसाठी अजून जमलेले नाही. पुढचे काम तेच.’

जे जमले नाही ते लिहिलेला फलक विश्वासाचा समजा.

आलेख कसा वाचायचा?

आलेख पाहून घाबरू नका. त्यात वाचायच्या गोष्टी तीनच आहेत.

पहिली गोष्ट, खालची आडवी रेघ. तिच्यावर आठवडे किंवा महिने लिहिलेले असतात. डावीकडे जुना काळ, उजवीकडे अलीकडचा.

दुसरी गोष्ट, डावीकडची उभी रेघ. तिच्यावर काय मोजले ते लिहिलेले असते. आपल्या उदाहरणात ‘दर १० बाळांपैकी किती बाळांना पहिल्या तासात दूध’.

तिसरी गोष्ट, ठिपके जोडणारी रेघ. ती वर जाणे चांगले की खाली, हे विषयावर ठरते. दूध मिळालेल्या बाळांची रेघ वर गेली तर चांगले. जखमेत पू होण्याची रेघ खाली आली तर चांगले. तपासणीसाठी थांबण्याची मिनिटे कमी झाली तर चांगले.

समजा, आठ आठवड्यांचे ठिपके असे आहेत: ४, ५, ६, ७, ४, ७, ८, ८. पाचव्या आठवड्यात रेघ एकदम खाली आली. तिथे बाण काढून लिहिले आहे: ‘नेहमीच्या सिस्टर रजेवर. बदली सिस्टरना नवी पद्धत सांगितलेली नव्हती.’ त्यानंतर पाळी बदलताना हे काम सांगण्याची एक ओळ वहीत जोडली आणि रेघ पुन्हा वर गेली.

फलकावरचा हा एक ठिपका सर्वांत उपयोगी आहे. सुधारणा एका चांगल्या सिस्टरच्या भरवशावर चालली होती हे त्यातून कळले. त्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांच्या मातांचा काही दोष नव्हता आणि बदली आलेल्या सिस्टरचाही नव्हता. निरोप पोहोचला नव्हता. तो ठिपका लपवला असता, तर पुढच्या रजेच्या वेळी पुन्हा तेच घडले असते.

म्हणून एखाद्या रुग्णालयाच्या फलकावर खाली आलेली रेघ दिसली, तर लगेच ‘इथे उपचार वाईट आहेत’ असा अर्थ काढू नका. ती का खाली आली आणि त्यावर काय केले, हे लिहिले आहे का ते पाहा.

फलक खरा की दिखाऊ, कसे ओळखावे?

तपासणीसाठी पथक येणार म्हणून रंगीत फलक लावले जातात आणि नंतर त्यांवर धूळ बसते, असेही काही ठिकाणी होते. पुढील खुणा पाहा.

कामाचा फलक:
- शेवटची तारीख अलीकडची असते.
- आकडा स्पष्ट असतो: कितीपैकी किती.
- न जमलेला एखादा बदलही लिहिलेला असतो.
- विचारल्यावर तिथल्या सिस्टर किंवा मावशी तो समजावून सांगू शकतात.
- रुग्णांना समजेल अशा भाषेत लिहिलेला असतो.

दिखाऊ फलक:
- फोटो भरपूर, आकडे नाहीत.
- सगळे ठिपके वरच जातात, एकही अडचण नाही.
- तारीख नाही किंवा फार जुनी आहे.
- फलकाबद्दल कोणाला काही सांगता येत नाही.

फलकावर काय नसावे?

हा तुमच्या गोपनीयतेचा प्रश्न आहे. पुढील गोष्टी फलकावर लिहू नयेत.

- रुग्णाचे नाव, गाव, मोबाइल नंबर, आधार क्रमांक किंवा केसपेपर क्रमांक.
- परवानगीशिवाय काढलेला आई, बाळ किंवा रुग्णाचा फोटो.
- एचआयव्ही, क्षयरोग, गर्भपात अशा माहितीवरून एखादी व्यक्ती ओळखू येईल असा तपशील.
- चूक झाली म्हणून एखाद्या कर्मचाऱ्याचे नाव.

फोटो काढायचा असेल तर आधी तुम्हाला विचारले पाहिजे. तुम्ही नाही म्हणू शकता. नाही म्हटल्यामुळे उपचारांत फरक पडता कामा नये. आधीच लावलेला तुमचा फोटो काढून टाकण्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगू शकता.

तुमचा सहभाग कसा असू शकतो?

१. झालेली गोष्ट वेळेसह सांगा

‘इथे कोणी लक्ष देत नाही’ असे म्हटले तर सुधारणेला धागा सापडत नाही. ‘बाळ सकाळी ६ वाजता झाले, पहिले दूध ९ वाजता पाजले, मधल्या वेळात बाळ वॉर्मरवर होते’ असे सांगितले तर गटाला नेमके काम मिळते. तारीख, वेळ आणि काय घडले, एवढे पुरते.

२. सोबतीण म्हणून तयारी ठेवा

प्रसूतीच्या वेळी मातेसोबत एक महिला नातेवाईक थांबू देण्याबाबत केंद्र सरकारच्या सूचना २०१६ पासून आहेत. सोबतीणीला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिने प्रसूती होईपर्यंत थांबावे आणि उपचारांत अडथळा आणू नये. स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई असेल तर उत्तम. सोबत कोण थांबणार हे सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवा आणि आशाताईंना सांगा.

३. समितीत प्रश्न मांडा

रुग्णालयांत रुग्ण कल्याण समिती असते. हिंदी भाषक राज्यांत तिला रोगी कल्याण समिती म्हणतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांत जन आरोग्य समिती असते. उपकेंद्र पातळीवर तिचे अध्यक्ष सरपंच असतात. तुमच्या भागातील सदस्य कोण आहेत ते आशाताई किंवा ग्रामपंचायतीत विचारा. ‘या वर्षी आपल्या दवाखान्याने सुधारणेसाठी कोणता विषय घेतला आहे?’ हा प्रश्न समितीत विचारता येतो.

४. अभिप्राय द्या

‘मेरा अस्पताल’ ही रुग्णांचा अभिप्राय घेणारी केंद्र सरकारची व्यवस्था २०१६ मध्ये सुरू झाली. जी रुग्णालये तिच्याशी जोडलेली आहेत, तिथे नोंदणी करताना दिलेल्या मोबाइलवर एसएमएस किंवा फोन येऊ शकतो. ॲप आणि संकेतस्थळावरूनही अभिप्राय देता येतो. म्हणून केसपेपर काढताना स्वतःचा, चालू असलेला नंबर द्या. अभिप्राय देण्यासाठी ओटीपी, बँक खाते किंवा एटीएमचा तपशील कोणालाही सांगू नका.

फलक तुमच्या भाषेत नसेल तर?

ऊसतोडीसाठी कर्नाटकात, कापड गिरणीसाठी सुरतेत किंवा बांधकामासाठी हैदराबादेत गेलेल्या मराठी कुटुंबांना तिथल्या रुग्णालयात कन्नड, गुजराती किंवा तेलुगू फलक दिसतात. अशा वेळी पुढील गोष्टी करा.

- आलेखाची रेघ, आकडे आणि तारखा पाहा. विषय कोणता एवढे विचारले तरी बराचसा फलक समजतो.
- तिथल्या आशा कार्यकर्तीला किंवा सिस्टरला तोंडी सांगण्याची विनंती करा.
- भाषा येत नाही म्हणून माहिती न घेता संमतीच्या कागदावर अंगठा किंवा सही करू नका. समजेल अशा भाषेत सांगा, असे म्हणा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार (२०११ पासून) सरकारी आरोग्य संस्थेत प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, गरजेनुसार रक्त, जेवण आणि वाहतूक मोफत आहे. परराज्यात आहात म्हणून हा हक्क जात नाही. माता व बाल संरक्षण कार्ड आणि जुने केसपेपर मात्र सोबत ठेवा.

फलकाजवळ उभे राहून विचारायचे पाच प्रश्न

१. या फलकाचा विषय कोणता आणि तो का निवडला?
२. सुरुवातीला आकडा किती होता, आज किती आहे?
३. कोणता बदल केला? तो रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही होतो का?
४. यात आम्ही, म्हणजे रुग्ण आणि घरचे, काय मदत करू शकतो?
५. आमचा अनुभव सांगायचा असेल तर कोणाला सांगायचा?

प्रश्न विचारताना सिस्टर दुसऱ्या रुग्णाकडे धावपळीत असतील, तर थोडे थांबा. डिस्चार्जच्या दिवशी किंवा तपासणीच्या दिवशी शांतपणे विचारता येते.

फलक पुरेसा नसतो तेव्हा

कथाफलक हळूहळू होणाऱ्या सुधारणेसाठी असतो. तातडीच्या गोष्टीसाठी त्याची वाट पाहू नका.

- आईला जास्त रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी किंवा ताप. बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड किंवा निळसर पडले असेल, श्वास जोरात चालला असेल, तर लगेच सिस्टर किंवा डॉक्टरांना सांगा.
- उपचार नाकारले, मोफत सेवेसाठी पैसे मागितले, अपमान किंवा मारहाण झाली, तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अनेक राज्यांत आरोग्य मदतीसाठी १०४ हा क्रमांक आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: फलकावर कमी आकडा दिसला, तर मी दुसऱ्या रुग्णालयात जावे का?
उत्तर: फक्त फलकावरून असा निर्णय घेऊ नका. उणीव मोजणारे रुग्णालय ती दूर करण्याचा प्रयत्न करत असते. जिथे काहीच मोजले जात नाही, तिथे उणीव नाही असे नसते. कुठे जायचे हे प्रकृती, अंतर आणि डॉक्टरांचा सल्ला यांवर ठरवा.

प्रश्न: बाळाला जन्मताच श्वासाचा त्रास झाला तरी आधी दूध पाजायचे का?
उत्तर: नाही. अशा बाळाला आधी उपचार द्यावे लागतात. बाळ स्थिर झाल्यावर दूध कधी आणि कसे द्यायचे ते डॉक्टर सांगतील. आईचे दूध काढून वाटी-चमच्याने देता येईल का, हे विचारा.

प्रश्न: सिझेरियन झाले तर पहिल्या तासात दूध पाजता येते का?
उत्तर: आई शुद्धीवर असेल आणि आई व बाळ दोघांची प्रकृती ठीक असेल, तर मदतीने पाजता येते. शस्त्रक्रियेआधीच सिस्टरला तशी इच्छा सांगून ठेवा.

प्रश्न: मी शिकलेली नाही. मी गटात काय सांगणार?
उत्तर: तुम्ही किती वेळ थांबलात, कोणी काय सांगितले, काय समजले नाही, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे. ते बोलून सांगितले तरी चालते. लिहून घेण्याचे काम गटाचे आहे.

प्रश्न: आमच्या दवाखान्यात असा फलक नाही. मग?
उत्तर: जन आरोग्य समिती किंवा रुग्ण कल्याण समितीत सुचवा. त्यासाठी महागडा बोर्ड लागत नाही. एक मोठा कागद, पेन आणि दर आठवड्याला एक खरा आकडा एवढे पुरते.

लक्षात ठेवा

- कथाफलक तुमच्यासाठीही आहे. तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.
- आधी तारीख पाहा, मग आकडा, मग रेघ.
- खाली आलेल्या रेघेचे कारण लिहिले असेल, तर तो प्रामाणिक फलक समजा.
- तुमचे नाव आणि फोटो तुमच्या परवानगीशिवाय फलकावर येता कामा नये.
- बाळाला पहिल्या तासात आईचे दूध द्या आणि सहा महिने फक्त आईचेच दूध द्या. डॉक्टरांनी सांगितलेले औषध सोडून पाणी, मध, गुटी काही नको.
- तुमच्या वेळी जे चुकले ते तारीख-वेळेसह सांगा. तुमच्यानंतर त्याच खाटेवर येणाऱ्या मातेला त्याचा उपयोग होईल.